इटलीत पायी सुट्टी: कुठून कुठे चालावं?

पर्वती_पायरी
सोम, 12/01/2026 - 21:40

नमस्कार मंडळी,

मेअखेरीस आम्ही चौघं इटलीला जायचं म्हणतोय. मी, नवरा, धाकटी बहीण आणि तिचा नवरा. वयं अठ्ठेचाळीस ते एकसष्ट. हाताशी सोळा दिवस. बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये बसा, हा प्रकार एकदा करून झालाय आणि आता नकोय. चालायचंय. पर्वती रोजची, सिंहगड बहुतेक रविवारी, त्यामुळे दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर जमावेत. मात्र पाठीवर दहा किलोचं ओझं घेऊन नाही, आणि नवऱ्याचा डावा गुडघा उताराला कुरकुरतो.

कच्चा आराखडा असा: रोम 2 दिवस, अमाल्फीचा किनारा 3, चिंक्वे तेर्रे 3, टस्कनी 3, डोलोमाइट्स 3, व्हेनिस 2.

देखावा हवा, पण नुसता देखावा नको. गावं, चित्रं, देवळं, लोकांचं खाणं-पिणं हेही चालता चालता बघायला मिळावं. बहीण कट्टर शाकाहारी, अंडंही नाही. आम्हा तिघांचं काही सोवळं नाही.

जाणकारांनी आराखडा फाडून काढावा, राग येणार नाही.

---

शंकासुर
सोम, 12/01/2026 - 22:05

सोळा दिवसांत सहा ठिकाणं म्हणजे चालणं होईल ते स्टेशनांच्या जिन्यांवर, तेही बॅगा घेऊन. बाकी छान आहे.

---

घाटवाटा
सोम, 12/01/2026 - 23:18

शंकासुरांशी सहमत, पण जरा सविस्तर लिहितो.

डोलोमाइट्स आधी खोडा. तिथल्या डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपड्या, रिफुज्यो म्हणतात त्यांना, साधारण जूनच्या मध्यावर उघडतात आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात बंद होतात. मेअखेरीस वरच्या खिंडींमध्ये बर्फ असतो. ब्राइएसच्या तळ्यापासून बेल्लुनोपर्यंत जाणारी ‘आल्ता व्हिया 1’ ही सुमारे 120 किलोमीटरची वाट माझ्या मते युरोपातल्या उत्तम वाटांपैकी एक आहे, पण ती जुलै-सप्टेंबरची आणि तिच्यासाठी सगळी सुट्टी द्यावी लागते. तीन दिवसांत केबल कारने वर जाऊन खाली येणं होईल.

अमाल्फीचं नाव ज्या वाटेमुळे निघतं ती ‘देवांची वाट’ बोमेरानोहून नोचेल्लेपर्यंत सहा-सात किलोमीटर आहे. सुंदरच आहे, पण अर्ध्या दिवसात संपते. मग उरलेले अडीच दिवस घाटातल्या बसमध्ये उभं राहून काढायचे.

चिंक्वे तेर्रे: मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. पाच गावं, कड्यावरचे दगडी बांध, द्राक्षं, खाली समुद्र. 1997 पासून युनेस्कोच्या यादीत. चालण्याची वाट तिकिटाची आहे आणि मोसमात तिच्यावर अक्षरशः रांग लागते. रिओमाज्जोरे ते मानारोला हा प्रसिद्ध तुकडा 2012 मध्ये दरड कोसळून बंद झाला होता, तो 2024 मध्ये पुन्हा उघडला, आता त्याला वेगळं तिकीट आणि वेळ ठरवून प्रवेश. चपला घालून डोंगरवाटेवर गेलात तर दंड होऊ शकतो, हे आपल्याकडे हरिश्चंद्रगडावर लागू करायला हवं.

माझं मत: एकच लांब वाट घ्या. गाव ते गाव. बाकीची इटली कुठे पळून जात नाही.

---

मधुमालती
मंगळ, 13/01/2026 - 08:12

घाटवाटा, मान्य नाही. पहिल्यांदा इटलीला चाललेल्या माणसाला फ्लॉरेन्स-व्हेनिस वगळायला सांगणं म्हणजे काय! परत जाणं होईलच याची खात्री कोण देणार? वयं बघा की. मी म्हणेन चार दिवस चाला आणि बारा दिवस बघा.

---

घाटवाटा
मंगळ, 13/01/2026 - 09:01

मधुमालतीताई, त्यांनी ‘बसमधून उतरा’ प्रकार नको असं स्वतःच लिहिलंय. रांगेत उभं राहून बघायचं असेल तर धागा वेगळा.

---

तोरिनोची_मावशी
मंगळ, 13/01/2026 - 14:47

इकडे दोन दशकं होऊन गेली, त्यामुळे जरा अधिकाराने बोलते.

एकच वाट घ्यायची तर दोन पर्याय तुमच्या बैठकीत बसतात.

पहिला व्हिया फ्रांचिजेना. इंग्लंडातल्या कँटरबरीहून रोमला जाणारा जुना यात्रामार्ग. सिजेरिक नावाचा आर्चबिशप 990 साली रोमहून परतला तेव्हा त्याने मुक्कामाच्या 79 ठिकाणांची नोंद ठेवली, तिच्यावरून आजचा मार्ग आखलाय. त्यातला लुक्का ते सिएना हा तुकडा बहुतेक लोक चालतात. वाटेत आल्तोपाशो लागतं, तिथल्या चर्चची घंटा रानात चुकलेल्या यात्रेकरूंना आवाजाने वाट कळावी म्हणून वाजवत. पुढे सान जिमिन्यानो, एकेकाळच्या 72 पैकी 14 बुरूज अजून उभे. मग मोंतेरिज्जोनी, डोक्यावर मुकुट ठेवावा तशी टेकडीवर गोल तटबंदी. दान्तेने नरकातल्या राक्षसांचं वर्णन करताना याच बुरुजांची आठवण काढलीय. सिएनात कॅथेड्रलच्या अगदी समोर सान्ता मारिया देल्ला स्काला हे यात्रेकरूंचं जुनं इस्पितळ, आता संग्रहालय. भिंतीवर रोग्यांची सेवा, दानधर्म, अन्नवाटप यांची पंधराव्या शतकातली चित्रं आहेत. लोक कॅथेड्रल बघून निघून जातात, हे बघत नाहीत.

हा मार्ग सोपा, खुणा पक्क्या, जेवणखाण मुबलक. पण सान जिमिन्यानोत दुपारी बसगाड्या येतात आणि मग तुम्ही परत त्याच गर्दीत.

दुसरा पर्याय माझ्या जिव्हाळ्याचा. व्हिया दि फ्रांचेस्को, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसची वाट. तिच्यातला ला व्हेर्नाचा मठ ते असिसी हा भाग. फाटे कसे घ्याल त्यावर पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. टस्कनीच्या पूर्व टोकाला सुरू होऊन उंब्रियात संपते. तिबेर नदीचं वरचं खोरं. परदेशी पर्यटक इथे फार फिरकत नाही, कारण त्याला फ्लॉरेन्स आणि पिसाच्या मध्ये वेळ नसतो.

टप्पे असे: ला व्हेर्ना, पिएव्हे सान्तो स्तेफानो, सानसेपोल्क्रो, चितेर्ना, चित्ता दि कास्तेल्लो, पिएत्रालुंगा, गुब्बिओ, बिशिना, व्हाल्फाब्रिका, असिसी. बहुतेक दिवस तेरा ते पंचवीस किलोमीटरचे. चित्ता दि कास्तेल्लो ते पिएत्रालुंगा हा मात्र तीसच्या घरातला, आणि त्यात चढ-उतार भरपूर.

यंदा फ्रान्सिसच्या मृत्यूला 800 वर्षं होतात (3 ऑक्टोबर 1226), त्यामुळे शरद ऋतूत असिसीत पाय ठेवायला जागा नसेल. तुम्ही मे-जून म्हणताय ते बरं आहे.

---

पर्वती_पायरी
मंगळ, 13/01/2026 - 20:30

मावशी, दंडवत. पण एक शंका. आम्ही चौघंही तसे श्रद्धाळू म्हणता येणार नाही, आणि ख्रिस्ती तर नाहीच. यात्रामार्गावर विचित्र वाटेल का? वारीसारखं वातावरण असतं का, टाळ-मृदंग, दिंड्या, मुक्कामाला पंगती?

---

तोरिनोची_मावशी
मंगळ, 13/01/2026 - 22:16

वारीसारखं काहीही नाही. तुम्हाला दिवसभरात वाटेवर पाच माणसं भेटली तर गर्दी समजा. सगळे आपापले चालतात, निम्मे तरी देवासाठी नाही तर नोकरी सोडून किंवा घटस्फोट झाल्यावर आलेले असतात. कुणी तुम्हाला धर्म विचारत नाही. मठांच्या धर्मशाळांमध्ये उतरलात तर संध्याकाळच्या प्रार्थनेला या म्हणतात, गेलं नाही तरी चालतं.

यात्रेकरूची पुस्तिका मिळते, ‘क्रेदेन्त्सियाले’. प्रत्येक मुक्कामी शिक्का मारून घ्यायचा. ती असली की धर्मशाळांमध्ये स्वस्तात खाट मिळते. पण तुमच्या वयात आणि गुडघ्यात मी खोल्या घ्यायला सांगेन: शेतावरची घरं (आग्रितुरिझ्मो) आणि गावातली छोटी हॉटेलं. सामान गाडीने पुढच्या मुक्कामी पोहोचवणारे लोकही आहेत. पाठीवर पाणी, रेनकोट, सुकामेवा एवढंच.

---

उपास_थालीपीठ
बुध, 14/01/2026 - 07:55

शाकाहाराबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. इटलीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फसतो मात्र सहज.

नुसतं ‘मांस नको’ सांगितलं तर ट्यूना किंवा अँचोव्ही घातलेला पदार्थ समोर येतो, कारण मासे म्हणजे मांस नव्हे. तेव्हा मांस नाही, हॅम नाही, मासे नाहीत असं तिन्ही सांगायचं. राजम्याच्या सुपात डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, रिसोत्तोत कोंबडीचं पाणी असतं. पार्मेजानो चीज वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायचा पदार्थ) घालून करतात, नियमच आहे तसा, आणि पेकोरिनो चीजमध्येही बहुधा प्राण्याचंच रेनेट असतं. बहिणीला ते चालत नसेल तर चीज न घालता मागवावं लागेल.

अंडं: बोलोन्याकडचा ताजा पास्ता अंड्याचा असतो, पण तुम्ही जाताय तिकडचे जाड शेवयांसारखे प्रकार, टस्कनीतले पिची आणि उंब्रियातले स्त्रांगोत्सी, हे परंपरेने नुसत्या पिठा-पाण्याचे. तरी विचारून घ्या.

उंब्रियात तोर्ता अल तेस्तो मिळते. नाव तोर्ता असलं तरी केक नव्हे. जाडजूड तव्यावर भाजलेली भाकरीच ती, मधोमध चिरून आत पालेभाजी भरतात. पिठात चरबी नाही ना एवढं विचारायचं. बहिणीचे निम्मे दिवस यावर निघतील. शिवाय टस्कनीतला पाव अळणी असतो. मीठ विसरलेत असं समजून वेटरला बोलावू नका.

आणि कृपया घरून पोळ्या नेऊ नका.

---

शंकासुर
बुध, 14/01/2026 - 08:20

भाकरीच खायची तर साताऱ्याला जा की. (हलके घ्या.)

---

कागदपत्रे_आणा
बुध, 14/01/2026 - 10:42

व्हिसा. जानेवारी आहे, पण मे-जूनच्या तारखांना मुंबईत अपॉइंटमेंटची मारामारी असते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी. म्हणजे तुम्ही आजही करू शकता. फी प्रौढांना 90 युरो, वर केंद्राचा आकार. विमा किमान 30,000 युरोचा.

पायी फिरणाऱ्यांची अडचण अशी की प्रत्येक रात्री वेगळं गाव. अर्जात प्रत्येक रात्रीचं बुकिंग आणि एक साधं पत्र जोडा: आम्ही या मार्गाने चालणार, अमुक दिवशी अमुक गाव. तक्त्यात लिहा. पिएत्रालुंगा हे नाव खिडकीतल्या माणसाने ऐकलेलं नसेल, त्याला कळलं पाहिजे की हे फसवाफसवीचं प्रकरण नाही. रद्द करता येणारी बुकिंगं घ्या.

---

घाटवाटा
बुध, 14/01/2026 - 23:50

मावशींनी सांगितलेली वाट नकाशावर उघडून बसलोय. एकेक गाव भारी आहे, थोडं लिहितोच.

पिएव्हे सान्तो स्तेफानो. दिसायला गाव साधं, कारण ऑगस्ट 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी सुरुंग लावून जवळपास सगळं उडवलं. भूतकाळ पुसला गेलेल्या याच गावात 1984 मध्ये साव्हेरिओ तुतिनो या पत्रकाराने सामान्य माणसांच्या डायऱ्यांचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू केलं. शेतकरी, सैनिक, मोलकरणी, कुणाच्याही रोजनिश्या, पत्रं, आठवणी. तिथे एक चादर आहे. क्लेलिया मार्की या शेतकरी बाईने नवरा गेल्यावर आपली सगळी जन्मकथा त्या दुहेरी पलंगाच्या चादरीवर ओळीने लिहून काढली. तिच्यासाठी इथे एक मुक्काम गेला तरी चालेल, असं मला वाटतं.

सानसेपोल्क्रो हे पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं गाव. त्याचं ‘पुनरुत्थान’ हे भित्तिचित्र गावच्या संग्रहालयात आहे. झोपलेले चार पहारेकरी, मागे थडग्यावर एक पाय रोवून उभा ख्रिस्त, टक लावून बघतोय. 1944 मध्ये टोनी क्लार्क नावाच्या ब्रिटिश तोफखान्याच्या अधिकाऱ्याला या गावावर मारा करायचा हुकूम होता. तोफा सुरू झाल्यावर त्याला आठवलं की ऑल्डस हक्सलीच्या एका निबंधात याच गावातल्या चित्राला जगातलं सर्वोत्तम चित्र म्हटलंय. त्याने मारा थांबवला. गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे.

चितेर्नाच्या अलीकडे थोडं वळण घेतलं की मोंतेर्की. तिथे पिएरोचीच गरोदर मेरी, एका जुन्या शाळेच्या इमारतीत. फ्लॉरेन्सच्या रांगेपेक्षा हे बरं की नाही, मधुमालतीताई?

सानसेपोल्क्रोच्या वेशीवर कोस्पाया नावाचं चिमुकलं खेडं आहे. पोप आणि फ्लॉरेन्सने 1440 च्या सुमारास सीमा आखली, करारात लिहिलं ‘ओढ्यापर्यंत’. ओढे निघाले दोन, दोघांचं नाव एकच. पोपने आपल्या जवळचा धरला, फ्लॉरेन्सने आपल्या जवळचा. मधल्या पट्टीवर कुणाचाच हक्क उरला नाही, गावकऱ्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि ते 1826 पर्यंत टिकवलं. कर नाही, सैन्य नाही, तंबाखूची शेती आणि भरपूर चोरटा व्यापार. आपल्या तलाठ्यांना हे दाखवू नका.

---

मधुमालती
गुरु, 15/01/2026 - 09:34

बरं बाबा, हरले. तरी व्हेनिस व्हेनिसच.

---

माणगावकर
गुरु, 15/01/2026 - 13:08

धागा वाचत होतो, तिबेर नदीचं वरचं खोरं म्हटल्यावर राहवलं नाही.

नाईक यशवंत घाडगे. आमच्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन. 10 जुलै 1944 ला याच खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत नवी फैर भरायला वेळ नव्हता, उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. थडगं नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव कोरलंय. माणगावात त्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाणारे हजारो लोक त्याच्या जवळून जातात आणि बहुतेकांना हे कोण ते माहीत नसतं.

2025 च्या जुलैमध्ये उंब्रियातल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं. सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. मोंतोने तुमच्या वाटेच्या बाजूलाच दिसतंय नकाशावर. जाणार असाल तर जाऊन या, एवढंच.

---

पर्वती_पायरी
गुरु, 15/01/2026 - 21:22

माणगावकर, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझे मेहुणे निवृत्त सैनिकी अभियंते, त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी तिथल्या तिथे डोलोमाइट्स, अमाल्फी आणि व्हेनिस खोडलं. वाट ठरली.

मावशी, मोंतोने वाटेवर येतं का?

---

तोरिनोची_मावशी
गुरु, 15/01/2026 - 22:40

थेट नाही. चित्ता दि कास्तेल्लोहून दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटर, टेकडीवरचं तटबंदीचं गाव. चित्ता दि कास्तेल्लोत दोन रात्री राहा, एक दिवस मोंतोनेला बस नाहीतर टॅक्सीने जाऊन या. त्या दिवशी पायांना विश्रांती, दुसऱ्या दिवशी पिएत्रालुंगाचा लांब टप्पा. नवऱ्याच्या गुडघ्यासाठी त्या टप्प्याचा पहिला भाग गाडीने काढला तरी कुणी शिक्षा करत नाही.

चित्ता दि कास्तेल्लोत वेळ उरला तर आल्बेर्तो बुर्रीची चित्रं बघा. गावचाच डॉक्टर. युद्धात पकडला गेला, टेक्सासच्या कैद्यांच्या छावणीत चित्रं काढायला लागला आणि परतल्यावर डॉक्टरकी सोडली. गोणपाट, जळलेलं प्लॅस्टिक, भेगाळलेला चिखल असली त्याची चित्रं आहेत. तंबाखू वाळवण्याच्या प्रचंड शेडमध्ये मांडलीयत. आवडतीलच असं नाही, मला आवडत नाहीत, पण शेडमध्ये उभं राहण्यात मजा आहे.

माणगावकरांसाठी: आरेत्सोलाही युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे, तिच्यात भारतीय सैनिकांचा वेगळा भाग आहे. ही मंडळी ला व्हेर्नाला आरेत्सोवरूनच जातील.

---

निळी_छत्री
शुक्र, 16/01/2026 - 11:15

गुब्बिओबद्दल कुणी बोललं नाही! 15 मेला तिथे ‘चेरी’चा उत्सव असतो. लाकडाचे तीन अजस्र खांब, प्रत्येकी अडीचशे-तीनशे किलोचे, वर एकेका संताची मूर्ती, ते खांद्यावर घेऊन माणसं गल्ल्यांमधून धावत डोंगरावरच्या देवळापर्यंत जातात. गंमत म्हणजे क्रम ठरलेला: पहिला संत उबाल्दो, दुसरा जॉर्ज, तिसरा अँथनी. कुणी कुणाला मागे टाकायचं नसतं. तरी सगळं गाव वेडं होतं आणि ‘शर्यत’ कशी झाली यावर वर्षभर भांडतं. तारीख पुढे सरकवता आली नाही का तुम्हाला?

---

तोरिनोची_मावशी
शुक्र, 16/01/2026 - 12:02

15 मेला गुब्बिओत खाट मिळवायची तर मागच्या वर्षीच हालचाल करायला हवी होती. पण 2 जूनला तिथेच लहान मुलांचे चेरी धावतात. खांब लहान, ईर्ष्या तेवढीच. ती सुट्टीची तारीख, त्यामुळे बस कमी. त्या दिवशी गुब्बिओतच राहा, चालू नका. सकाळी कोन्सोली महालात इगुव्हियन पत्रे बघा: सात काशाचे पत्रे, 1444 मध्ये सापडले. मेलेल्या उंब्रियन भाषेत पूजेचे विधी कोरलेत, कुठला पशू कुठल्या देवाला, पक्षी कुठून उडाला तर काय. पोथीच म्हणा.

गुब्बिओ ते असिसी हा शेवटचा भाग फ्रान्सिसने स्वतः चाललेला. बापाचं कापडाचं दुकान, पैसा, अंगावरचे कपडे, सगळं भर चौकात परत करून तो भर हिवाळ्यात असिसीहून गुब्बिओकडे निघाला. तुम्ही उलट दिशेने याल. शेवटच्या दिवशी व्हाल्फाब्रिकाहून तेरा-चौदा किलोमीटर, आणि बासिलिका, म्हणजे फ्रान्सिसचं मोठं चर्च, समोर वर दिसत असताना तिच्याखाली चढत जायचं. ते दुरून दिसणं गाडीने येणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही. आत जोत्तो या चित्रकाराच्या परंपरेतली भित्तिचित्रं; 1997 च्या सप्टेंबरात भूकंपात छत कोसळून चार माणसं गेली, तुकडे जुळवून छत पुन्हा उभं केलंय.

---

शंकासुर
शुक्र, 16/01/2026 - 13:30

पाऊस? साप? कुत्री? कुणीतरी वाईटही सांगा.

---

घाटवाटा
शुक्र, 16/01/2026 - 19:44

पाऊस मेअखेरीस पडतो, दुपारी वीजही होते. चिकणमातीच्या वाटा पावसात बुटांना किलोभर माती चिकटवतात. साप आहेत, पण आपल्याकडच्या मानाने सौम्य प्रकरण. गोचिडांची खरी काळजी घ्या, संध्याकाळी पाय तपासा. कुत्री: मेंढ्यांच्या कळपाबरोबर पांढरी, मोठी राखण करणारी कुत्री असतात. ओरडू नका, पळू नका, काठी उगारू नका, कळपाला लांबून वळसा घाला. आणीबाणीला 112.

नळांवर ‘पोताबिले’ लिहिलं असेल तर पाणी प्या, त्याच्या आधी ‘नोन’ असेल तर नाही. दुपारी एक ते चार दुकानं बंद, सोमवारी पुष्कळ संग्रहालयं बंद, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मिळत नाही. आपल्यासारखी सकाळी सहाला निघायची सवय असेल तर हॉटेलवाल्याला आदल्या रात्री सांगून न्याहारी बांधून घ्या, तो अविश्वासाने बघेल.

खुणा निळ्या-पिवळ्या आहेत, पण जंगलात चुकतात. मोबाइलवर वाटेची फाइल उतरवून घ्या. नेटवर अवलंबून राहू नका.

---

पर्वती_पायरी
रवि, 18/01/2026 - 20:10

सगळ्यांच्या सल्ल्याने बदललेला आराखडा. जुना कृपया कुणी उद्धृत करू नये, घरी आधीच चेष्टा चालू आहे.

23 मेला रोम, तिथून ट्रेनने आरेत्सो. 24 ला आरेत्सोत मुक्काम: पिएरोचं खऱ्या क्रुसाचं चित्र आणि युद्ध दफनभूमी. 25 ला लोकल गाडीने बिब्बिएना, पुढे बसने ला व्हेर्ना (रविवारी बस मिळेलच असं नाही म्हणून सोमवार). मठाच्या पाहुणेघरात रात्र. 26 पिएव्हे, 27 सानसेपोल्क्रो, 28 मोंतेर्कीवरून चितेर्ना, 29 चित्ता दि कास्तेल्लो. 30 मोंतोने. 31 पिएत्रालुंगा, अर्धं गाडीने. 1 आणि 2 जून गुब्बिओ. 3 बिशिना, 4 व्हाल्फाब्रिका, 5 असिसी. 6 असिसीतच. 7 ला रोम आणि विमान.

मेहुणे माणगावला जाऊन पुतळ्याला हार घालून येणार आहेत आणि तिथली चिमूटभर माती मोंतोनेला न्यायची म्हणताहेत. माती विमानातून नेऊ देतात का?

---

कागदपत्रे_आणा
रवि, 18/01/2026 - 20:41

नेऊ देत नाहीत. युरोपीय संघाबाहेरून माती आत आणायला बंदी आहे, झाडांच्या रोगांमुळे. फोटो न्या, नाहीतर माणगावच्या शाळेतल्या मुलांकडून पत्र लिहून घ्या.

---

माणगावकर
रवि, 18/01/2026 - 21:03

पत्राचं मी बघतो. मराठीत लिहू, इटालियन भाषांतर मावशींनी करून द्यावं. मेहुण्यांना माझा निरोप पाठवतो, आले की घरी जेवायला थांबा म्हणावं.

---

तोरिनोची_मावशी
रवि, 18/01/2026 - 22:25

देते करून. मोंतोनेच्या नगरपालिकेला आधी इमेल टाकू, असं अचानक जाऊ नका. महापौर स्वतः येतात अशा वेळी. आणि पर्वतीताई, 3 जूनची बिशिनाची खोली आजच पकडा, त्या टापूत राहायची सोय मोजकीच आहे. ती नाही मिळाली तर गुब्बिओ ते व्हाल्फाब्रिका एका दिवसात अडतीस किलोमीटर होतील.

---

पर्वती_पायरी
रवि, 18/01/2026 - 23:02

पकडली. दोन खोल्या, जेवणासकट, शाकाहारी एक. मालकिणीने उलट विचारलंय की अंडं चालेल का. बहीण उत्तर लिहितेय.